चाकांवरचं घर, हवेच्या भरवशावर

‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो कुठून आला असेल असा विचारही मनात येत नाही. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लॅनेली नावाचं एक गाव आहे. त्या गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस आडनावाच्या दोघा भावांनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक तयार करायला सुरुवात केली. त्या रस्त्याचं नाव चाकाला लागलं, चाकाबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि आमच्या कोकणातल्या ट्रकच्या क्लीनरच्या तोंडी बसलं. ‘टेम्पो’चंही तसंच. मुळात ते एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनं ते घरोघरी पोचवलं. पुढे २००५ साली कंपनीनं आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांचा टेम्पो काही बदलला नाही.

शब्दांच्या वाटेनं मी चाकाकडे आलो, कारण माझा व्यवसाय शब्दांचाच. पण चाकांशी माझं नातं त्याही आधीचं आहे. माझे वडील ट्रकवर होते. आंब्याच्या मोसमात रत्नागिरीहून पेट्या भरून रात्रभर गाडी हाकायची आणि पहाटे मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. निघण्यापूर्वी ते हातात लोखंडी टॉमी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायरवर ठोका देत. आवाजावरून त्यांना कळे, की आतला टायर बसलाय की बाहेरचा. ‘इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, टायर गेला तर गाडी कुठं थांबेल ते अल्लालाच ठाऊक,’ असं अब्बा म्हणत.

आज टायरांबद्दलच बोलायचं आहे, पण ट्रकच्या नव्हे, चाकांवरच्या घराच्या. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. कॅराव्हॅन म्हणजे जिच्यात झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणीघरही असतं अशी गाडी. गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागर, दापोली या आपल्या किनाऱ्यावर अशा गाड्या आता अधूनमधून दिसू लागल्या आहेत. काही कंपनीकडून तयार येतात, तर काही जुन्या ट्रॅव्हलरचा सांगाडा घेऊन बांधून घेतल्या जातात. गाडी बांधताना पडद्यांचा रंग, वातानुकूलन यंत्र, टीव्हीची जागा यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. आणि हे सगळं ज्यांच्यावर उभं राहणार, त्या टायरांची चौकशी अगदी शेवटी होते, नाहीतर होतच नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा बारा वर्षं आखातात नोकरी करून परत आला. त्यानं एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आरटीओची रीतसर मंजुरी घेऊन तिचं फिरतं घर करायला काढलं. पर्यटकांना भाड्यानं द्यायची, आणि पहिल्या सफरीला स्वतःच्या आईवडिलांना, बायकोला घेऊन अजमेरला जाऊन यायचं, असा त्याचा बेत. गाडी तयार झाल्यावर मला दाखवायला घेऊन आला. आतून घर सुरेख सजवलं होतं. मी खाली वाकून टायर पाहिले आणि विचारलं, ‘‘हवा किती आहे?’’ तो म्हणाला, ‘‘वर्कशॉपवाल्यानं चारी चाकांना चाळीस मारलीय, चाचा. नेहमी तेवढीच मारतात म्हणाला.’’ त्या ‘नेहमी तेवढीच’मध्ये किती धोका होता, ते पुढे सांगतो. त्याआधी टायर नावाच्या वस्तूचं मर्म पाहू.

भार पेलते ती हवा

टायर गाडीचं वजन पेलतो, असं आपण म्हणतो. खरं तर वजन पेलते ती त्याच्या आतली दाबलेली हवा. रबर, आतले धागे आणि पोलादी तारांचे पट्टे यांचं काम त्या हवेला कोंडून ठेवणं आणि रस्ता पकडणं. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण ती कल्पना विसरली गेली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती नव्यानं शोधली. तेव्हापासून आजतागायत तत्त्व एकच आहे : वजन जितकं जास्त, तितका हवेचा दाब जास्त हवा.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा एका चाकावर ७०० किलो भार आहे आणि हवा ५० पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला ५० पौंड. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो होतो. ७०० ला साडेतीननं भागलं की आले २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे टायरचा साधारण २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद एवढाच तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. चारी चाकांचे तुकडे एकत्र केले तरी वर्तमानपत्राचं अर्धं पान भरत नाही. आणि त्याच्यावर सगळं घर, माणसांसकट, घाट चढतं-उतरतं.

हवा कमी असली, तर हा तुकडा मोठा होतो. तेवढा भार पेलायला टायर खाली बसतो आणि त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वारंवार वाकवली की ती गरम होऊन तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलंय. टायरचंही तेच होतं. मिनिटाला कित्येक शे वेळा वाकून आत उष्णता साठते, रबर आणि पोलादी पट्टे यांची पकड सुटते आणि एका क्षणी वरचा थर उकलून टायर फुटतो. फुटतो तेव्हा आपण म्हणतो, ‘उन्हानं फुटला’ किंवा ‘हवा जास्त झाली म्हणून फुटला.’ पुष्कळदा कारण उलटं असतं. हवा कमी होती आणि ओझं जास्त होतं.

अमेरिकेत हे फार मोठी किंमत मोजून कळलं. २००० साली फायरस्टोन कंपनीला लाखो टायर बाजारातून परत बोलवावे लागले. ते फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते आणि त्यांचा थर उकलून झालेल्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसं गेली. टायरच्या बनावटीतले दोष होतेच. पण त्या गाडीसाठी सांगितलेला हवेचा दाब अवघा २६ पौंड होता, यावरही मोठा वाद झाला. त्यानंतर तिथं कायदा झाला आणि टायरमधली हवा कमी झाली की चालकाला सूचना देणारं यंत्र नव्या गाड्यांत सक्तीचं झालं.

आधी काटा, मग कॉम्प्रेसर

म्हणून फिरत्या घराच्या बाबतीत पहिलं पाऊल टायरच्या दुकानाकडे टाकायचं नाही. ते वजनकाट्याकडे टाकायचं. एमआयडीसीच्या आसपास, चिऱ्याच्या आणि वाळूच्या गाड्या जिथं वजन करतात, तिथं असे काटे असतात. थोडे पैसे आणि अर्धा तास लागतो. पण गाडी रिकामी न्यायची नाही. सफरीला निघाल्यासारखी भरून न्यायची : टाकीत पाणी, गॅसचं सिलिंडर, बॅटऱ्या, भांडी, गाद्या, डिझेल आणि बसणारी सगळी माणसं.

आम्ही मिरजोळ्याच्या बाजूला गाडी काट्यावर नेली. प्रवासी आणि सामानाशिवाय ती २८०० किलो भरली होती. सगळं भरून आणि चार माणसं बसवून ३३३० किलो झाली. नोंदणी पुस्तकात लिहिलेलं कमाल वजन ३५०० किलो. मुलगा खूश झाला. मी म्हटलं, ‘‘थांब, अजून सगळं झालं नाही.’’ मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली : १४३० किलो. मागची : १९०० किलो. त्यानंतर काटा जमिनीच्या पातळीत असल्यामुळं मागचं एकेक चाक वेगळं घेता आलं. उजवं ८९० किलो, डावं १०१० किलो! पाण्याची शंभर लिटरची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही डाव्या कडेला बसवलेल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं गणित गाडी बांधताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्या टायरची कमाल क्षमता होती ९७५ किलो, तीही ६५ पौंड हवेला. म्हणजे पूर्ण गाडीचं वजन मर्यादेत, मागच्या धुरीचं वजन मर्यादेत, पण डावं मागचं चाक मर्यादेच्या ३५ किलो बाहेर. आणि हवा होती चाळीस. चाळीस पौंडाला तो टायर ढोबळमानानं ६६० किलोपर्यंतच भार घेऊ शकतो. म्हणजे त्या एका चाकावर साडेतीनशे किलो जादा ओझं घालून हे कुटुंब अजमेरची वाट धरणार होतं. बाहेरून पाहिलं तर टायर किंचित बसलेला, एवढंच. रेडियल टायरची भिंत मुळातच थोडी फुगीर असते, त्यामुळं नुसत्या नजरेला कमी हवा कळत नाही. लाथ मारूनही कळत नाही.

टाकी मधोमध आणली, एक बॅटरी उजवीकडे हलवली आणि मागच्या दोन्ही चाकांवर साधारण साडेनऊशे-साडेनऊशे किलो झाले. आता भार मर्यादेत आला खरा, पण वाव उरला तो अगदी चिमूटभर.

टायरवर लिहिलेलं वाचावं कसं?

टायरच्या भिंतीवर एक छोटं पुस्तकच छापलेलं असतं. ते वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. समजा लिहिलंय १९५/८० आर १५ एलटी १०७/१०५ एन. यातला १९५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एलटी ही अक्षरं हलक्या व्यापारी वाहनाच्या टायरची खूण. काही परदेशी बनावटीच्या टायरांवर त्याच अर्थानं सी हे अक्षर असतं.

पुढचा १०७ हा आकडा आपल्या कामाचा. हा भारांक. तो किलो नाही. त्यामागे ठरलेला तक्ता आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो, १०९ म्हणजे १०३० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. दोन आकडे असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडीनं बसवलेल्या चाकांसाठी. जोडीत प्रत्येक टायरला थोडा कमी भार धरतात. शेवटचं अक्षर वेगाचं : एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. ‘८ पीआर’ असं लिहिलेलं असेल, तर आत आठ थर आहेत असं समजू नये. तो आता फक्त ताकदीचा दर्जा दाखवणारा आकडा आहे.

नवा टायर निवडताना माप तेच ठेवावं, पण भारांक गाडी कंपनीनं सांगितल्यापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नये. फिरत्या घराला तर एक-दोन पायऱ्या वरचाच घ्यावा. कारण इतर गाड्या कधी भरलेल्या, कधी रिकाम्या असतात. कॅराव्हॅन मात्र उभी असली तरी भरलेलीच असते. तिच्या टायरला सुट्टी नाही. युरोपात यासाठी सीपी अशी खूण असलेले वेगळे टायर बनवतात. आपल्याकडे एलटी वर्गातला चांगला टायर घेणं हाच व्यवहारी मार्ग. केवळ आकार जमतो म्हणून मोटारीचा मऊ टायर स्वस्तात बसवणं, हे मात्र भलतं धाडस. शेजारच्या मुलानं ११२ भारांकाचे टायर घेतले. घेताना रिमवर किती दाब चालतो तेही विचारून घेतलं, कारण टायर पेलेल तेवढी हवा रिम पेलेलच असं नाही.

व्हॉल्व्हकडेही लक्ष द्यावं. मोटारीला असतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पौंडापर्यंतच्या हवेसाठी केलेला असतो. त्याच्या जवळपास किंवा त्याहून जास्त हवा ठेवायची असेल, तर धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. आणि टायरवर आयएसआयची खूण आहे ना, तेही पाहावं. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी भारतीय मानकाचा क्रमांक आयएस १५६३६ आहे.

हवा किती आणि केव्हा भरावी?

टायरच्या भिंतीवर ‘कमाल भार इतका, इतक्या दाबाला’ असं लिहिलेलं असतं. पुष्कळ लोक तो आकडा म्हणजेच आपल्या गाडीचा आकडा समजतात. तो टायरचा आहे, तुमच्या गाडीचा नव्हे. गाडीचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात असतो. मात्र गाडी बांधून घेतलेली असेल, तर ती पट्टी जुन्या रूपाची आहे, आताच्या घराची नाही. अशा वेळी चाकावरचं मोजलेलं वजन घ्यावं आणि टायर कंपनीकडून त्या मापाचा भार आणि दाब यांचा तक्ता मागून घ्यावा. त्या तक्त्यात आपल्या वजनाच्या लगेच वरची ओळ पाहावी. एका धुरीवरच्या दोन चाकांत ज्याचं वजन जास्त, त्याच्या हिशेबानं दोघांनाही सारखी हवा. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असला तर बिघडत नाही. बहुधा तो वेगळाच असायला हवा.

प्रश्न पडेल, की मग कमाल आकड्याइतकी हवा भरून मोकळं का होऊ नये? कारण गरजेपेक्षा फार जास्त हवा भरली तर टायर मधोमधच टेकतो, पकड कमी होते, मधली नक्षी लवकर झिजते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट सांगाड्याला बसतो. आपल्या रस्त्यांवर तर दोन दिवसांत कपाटांचे बिजागर निखळतील.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली. याचं कारण पाहा. पहाटे हवा २७ अंश असताना तुम्ही ६० पौंड भरलीत. दुपारपर्यंत महामार्गावर चालून टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली, तर गेजमध्ये साधारण ६८ दिसेल. हे स्वाभाविक आहे, टायर त्या हिशेबानंच बनवलेला असतो. पण एखादा भला माणूस म्हणतो, ‘हवा वाढलीय, कमी करून देतो,’ आणि पुन्हा ६० करून देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाला की त्यात उरतात जेमतेम ५३ पौंड. तुम्ही तीच गाडी, तेच ओझं घेऊन पुढे निघता आणि टायर आदल्या दिवसापेक्षा जास्त तापतो. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नये.

पेट्रोल पंपावरच्या गेजवर सर्वस्वी विसंबू नये. स्वतःचं एक चांगलं गेज गाडीत ठेवावं. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या सफरीच्या दिवशी सकाळी हवा मोजावी. स्टेपनीचीही मोजावी, कारण नेमकी गरज पडते तेव्हाच ती बसलेली निघते. एखाद्या टायरमध्ये ठरल्यापेक्षा वीस टक्के हवा कमी निघाली आणि गाडी तशीच बरीच चाललेली असेल, तर नुसती हवा भरून निघू नये. टायर उतरवून आतून पाहून घ्यावा. आतली भिंत चुरडलेली असू शकते.

नायट्रोजनबद्दल विचारलं जातं. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजनात बाष्प नसतं आणि तो थोडा हळू झिरपतो, एवढा फायदा आहे. पण ‘नायट्रोजन आहे, आता मोजायला नको’ असं समजणं चूक. चाकांच्या दाबाची सतत माहिती देणारं टीपीएमएस हे यंत्र मात्र कॅराव्हॅनला जरूर बसवावं. असं यंत्र आणि पंक्चर काढायचं सामान असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम २०२० साली झाला. फिरत्या घरानं ही सवलत घेऊ नये. रात्री आंबा घाटात साखरप्याच्या वर टायर गेला, तर नियमाचा कागद काही चाक होऊन फिरणार नाही.

नक्षी नवी, टायर म्हातारा

त्या मुलानं आधी बसवलेल्या टायरांची नक्षी भरपूर होती. ‘‘चाचा, टायर गोटा झालेले नाहीत, नक्षी तर नव्यासारखी आहे,’’ असं तो म्हणत होता. मी त्याला टायरच्या भिंतीवरचे, डॉट या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे शोधायला सांगितले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल, तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. त्याच्या टायरवर नेमकं असंच जुनं साल निघालं. कुठल्याशा दुकानदारानं ‘कमी चाललेले’ म्हणून दिले होते. कमी चाललेले होते हे खरं, पण रबर वापरावाचूनही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, मग बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी बदलावा, असा मोठ्या कंपन्यांचा सल्ला आहे. ओझं वाहून बसलेल्या कॅराव्हॅनच्या बाबतीत मी म्हणेन, की दहा वर्षांची वाट पाहूच नये.

ही गोष्ट कोकणात विशेष लागू पडते. इथली कॅराव्हॅन पावसाचे चार महिने उभी राहणार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा समुद्राचा, खारा. उभ्या गाडीचे टायर चिखलात रुतू देऊ नयेत, चाकांखाली फळ्या घालाव्यात. पाण्याची टाकी रिकामी करावी, हवा पूर्ण ठेवावी, टायरवर कापड झाकावं आणि पंधरा दिवसांनी गाडी हातभर तरी पुढे-मागे करावी, म्हणजे एकाच जागी दबून टायर चपटा होत नाही. खाऱ्या हवेनं रिमच्या कडेला गंज धरला, की ट्यूबलेस टायरची हवा तिथून हळूहळू जाते. ‘पंक्चर तर नाही, मग हवा जाते कुठं?’ या कोड्याचं उत्तर कित्येकदा तिथं असतं.

पावसात चालवायची वेळ आली, तर नक्षीची खोली मोजावी. कायद्यानं मोटारी आणि त्याहून मोठ्या वाहनांना ती किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत तेवढ्या उंचीचे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण परशुराम घाटातल्या किंवा हातखंब्याजवळच्या श्रावणातल्या पावसात १.६ फारच थोडी. तीन मिलिमीटरला आलं की बदलायचा विचार करावा. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर पाणी बाजूला सारू शकला नाही, तर तो पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग नावापुरतं उरतं. नासा या अमेरिकी संस्थेनं १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवलं, की हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला चाक तरंगू लागतं. म्हणजे हवेचा प्रश्न पावसातही सुटत नाही.

घाट, पुळण आणि महामार्ग

आणखी काही गोष्टी थोडक्यात. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ड्रम किंवा डिस्क तापते, ती उष्णता रिममधून टायरला मिळते आणि आधीच तापलेला टायर आणखी तापतो. मागे जोडीची चाकं असतील, तर दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड काढावा आणि आतल्या टायरची हवा न चुकता मोजावी. जोडीतला एक बसला, की दुसऱ्यावर दोघांचं ओझं येतं. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर लावू नयेत. एका धुरीवर वेगवेगळ्या बनावटीचे टायर नकोत. दोनच नवे घ्यायचे असतील, तर पकड सुटून गाडीची शेपूट फिरू नये म्हणून ते मागे बसवावेत. चाक बदललं, की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. टायरच्या भिंतीला चीर गेली असेल, तर तिला पंक्चर म्हणू नये. ती दुरुस्त होत नाही.

पुळणीवर गाडी घालण्याचा मोह आवरावा. चाकातली हवा कमी करून वाळूत गाडी चालवण्याची युक्ती काही तरुण सांगतात. हलक्या जीपला ती जमत असेल. साडेतीन टनांचं घर वाळूत रुतलं, तर भरती कुणाची वाट पाहत नाही. शिवाय किनाऱ्यावर वाहन नेल्याबद्दल पोलीस कारवाई करतात, ते वेगळंच.

समृद्धी महामार्गासारखे नवे रस्ते ही तर टायरची खरी परीक्षा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. काँक्रीट सलग, वळणं थोडी, थांबे दूर. आपल्या घाटरस्त्यावर वेग पडतो, टायरला निवायला वेळ मिळतो. तिथं तासन्‌तास एकच वेग राहतो आणि विदर्भातलं ऊन वरून. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर परिवहन विभागाला या मार्गावर येणाऱ्या वाहनांचे टायर तपासावे लागले. फिरत्या घरानं अशा रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आत राहावं आणि दर दोन तासांनी थांबावं. थांबल्यावर गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक टायरजवळ हाताचा मागचा भाग न्यावा. एखादा इतरांपेक्षा फारच गरम लागला, तर त्याची हवा कमी झालीय किंवा त्याचा ब्रेक धरतोय, असं समजावं.

या सगळ्याला खर्च किती येतो? काट्याचे थोडे पैसे, एक गेज, महिन्यातली पंधरा मिनिटं आणि टायर जरा वरच्या दर्जाचे. गाडीच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. माणसं वातानुकूलन यंत्र लगेच घेतात, कारण त्याची थंड हवा अंगाला लागते. टायरमधली हवा दिसत नाही, लागत नाही, म्हणून तिची आठवण राहत नाही. पण रात्री मागच्या पलंगावर म्हातारी आई आणि लेकरं निर्धास्त झोपलेली असतात, ती याच हवेच्या भरवशावर.

तेव्हा तुमची गाडी कॅराव्हॅन असो, लग्नाचं वऱ्हाड नेणारी ट्रॅव्हलर असो, की आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप. पुढच्या वेळी पंक्चरवाल्यानं ‘किती मारू?’ असं विचारलं, की ‘नेहमीसारखी’ म्हणू नका. आपल्या ओझ्याचा आकडा काट्यावरून घ्या, टायर थंड असताना त्याला हवेचा आकडा सांगा आणि गेजमध्ये तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग निघा. प्रवास सुखाचा होवो.